वासराच्या स्नायूतली जाळी वाचताना

परभणीला शिकताना गीर गाईंचा लळा लागला. आता ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ब्राह्मन जातीच्या वासरांचे नमुने तपासते. या जातीत आपली गीर, कांकरेज, ओंगोल, कृष्णाकाठची गुरं मिसळलेली आहेत, त्यामुळे तिचं दुखणं मला घरचंच वाटतं.

आईला दूध भरपूर, तरी चार-पाच महिन्यांचं वासरू अंग धरत नाही, मान तोलत नाही, चालताना लटपटतं. अशा वेळी पॉम्पे रोग मनात आणा. ग्लायकोजेनचं (शरीरात साठवलेल्या साखरेचं) विघटन करणारं एक विकर जन्मतःच नसतं. ग्लायकोजेन पेशींत साचत जातं आणि वासरू साधारण नवव्या महिन्यापर्यंत दगावतं.

शवविच्छेदनात जीभ, श्वासपटल, हृदय, मांडी आणि मज्जारज्जू यांचे तुकडे घ्या. ताजा स्नायू कापताच आखडतो. म्हणून पट्टीची दोन्ही टोकं लाकडी काडीला दोऱ्याने बांधा, मग दहापट फॉर्मॅलिनमध्ये सोडा. फ्रीझरमध्ये मुळीच ठेवू नका. एकदा गोठवून वितळलेला तुकडा आला होता. बर्फाने पाडलेली भोकं मी रोगाची समजले आणि पशुपालकाला तसं कळवलंही. दुसऱ्या दिवशी फोन करून चूक सांगावी लागली. ते अजून सलतं.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात तंतूंना अनारशासारखी जाळी पडलेली दिसेल. तेवढ्यावर निदान करू नका, भोकात काय होतं ते शोधा. लागोपाठचे दोन छेद (पातळ काप) घ्या. एकावर डायास्टेज, म्हणजे ग्लायकोजेन विरघळवणारं विकर, घालून ३७ अंशांवर तासभर ठेवा (जुने तंत्रज्ञ चक्क थुंकी वापरतात, तिच्यातही अमायलेज असतंच). मग दोन्हींना ग्लायकोजेन राणी रंगात दाखवणारा पीएएस रंग द्या. साध्या छेदात पोकळ्यांमध्ये गर्द राणी रंगाचे गोळे आणि दुसऱ्यात तेच गायब, तर ते ग्लायकोजेन. निरोगी स्नायूतही थोडी राणी झाक असते, तिला भुलू नका.

सेलेनियम या खनिजाच्या कमतरतेनेही स्नायू दुबळे होतात, पण तिथे चित्र वेगळं असतं: तंतू तुटलेले, काचेसारखे, मध्ये चुन्याचे कण. शेवटी मज्जारज्जू बघा. चेतापेशींतही अशाच पोकळ्या असतील तर माझी शंका जवळजवळ फिटते.

तरी अहवाल डीएनए तपासणीनंतरच द्या. दोन्ही पालक वाहक असतील तर दर वेतात चारात एक धोका, म्हणून गाय आणि वळू दोघांच्या शेपटीचे केस मागवा. पशुपालकाला बजावून सांगा: कापायचे नाहीत, उपटायचे, मुळासकट.