जमशेदपूरवर प्रोजेक्ट करायचाय? आधी नकाशा काढा

शाळेत 'औद्योगिक शहर' हा विषय मिळाला की आपली पोरं काय करतात, जमशेटजी टाटांचा फोटो प्रिंट करून चार्ट पेपरच्या मधोमध डकवतात आणि खाली जन्म-मृत्यू लिहून मोकळी होतात. फोटो लावा हो, पण आधी नकाशा काढा, कारण हे शहर तिथंच का झालं ते नकाशाच सांगतो.

सुवर्णरेखा आणि खरकई, या दोन नद्यांचा संगम काढा, त्याला लागून साकची गाव. दक्षिणेला मयूरभंजमधला गोरुमहिसाणीचा डोंगर, तिथं लोहखनिज आहे हे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये पत्रानं कळवलं. उत्तरेला झरियाचा कोळसा. जवळ रेल्वेचं कालीमाटी स्टेशन, तेच आजचं टाटानगर. खनिज, कोळसा, पाणी, रेल्वे, झालं की सगळं!

आता तारखा. इथं मार्क जातात, नीट बघा. जमशेटजी १९०४ मध्येच वारले, टाटांची पोलाद कंपनी निघाली १९०७ ला, काम सुरू १९०८ ला आणि पहिलं पोलाद १९१२ ला. म्हणजे 'जमशेटजींनी कारखाना बांधला' असं लिहू नका, स्वप्न त्यांचं पण उभा केला तो त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि मंडळींनी. मात्र १९०२ मध्ये जमशेटजींनी दोराबजींना लिहिलेलं पत्र जरूर घ्या, जागासुद्धा ठरली नव्हती तेव्हा त्यात रुंद रस्ते, सावलीची झाडं, बागा, फुटबॉल-हॉकीची मैदानं, देऊळ, मशीद, चर्च सगळ्याला जागा ठेवा म्हणून सांगितलंय. मला विचाराल तर प्रोजेक्टचा जीव या पत्रात आहे.

पण सगळं छान छानच लिहू नका. आधी तिथं आदिवासींची गावं होती, आणि माणसं इतकी लोटली की आराखडा मागं पडला, बाजूला बस्त्या वाढल्या. म्हणून तर केनेडी, टेंपल, स्टोक्स, कोनिग्सबर्गर अशा आखणीकारांचे शहराचे एकामागून एक प्लॅन झाले. आपल्या गोव्यातल्या डिचोली-सांगेच्या पोरांना खाणीपायी गावाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

जमशेदपूर हे नाव १९१९ ला व्हाइसरॉय चेम्सफर्डनी दिलं, कारण पहिल्या महायुद्धात इथले रूळ मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले होते. एक ओळ पुरे.

तोंडी परीक्षेत बाई हमखास विचारणार, खनिज गोव्यातही आहे मग इथं असं शहर का नाही? सरळ सांगायचं, आपल्याकडे कोळसा नाही, आपलं खनिज मांडवीतून बार्जमध्ये भरून मुरगावला आणि तिथून बोटीनं जपानला जायचं.