'हार्ड' हा शब्द नीट कसा वापरावा

रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करा, असा सल्ला तालुक्याच्या गावी कोणीही देतो. असे शब्द पाठ करणारे पोट्टे मी भरपूर पाहिले. त्यांना डिक्शनरीतले भारी भारी शब्द येतात, पण 'हार्ड' धड वापरता येत नाही. त्यापेक्षा हा एकच शब्द घ्या आणि चार दिवस त्याच्या मागे लागा.

वहीत अर्थ लिहू नका, जोडी लिहा. 'हार्ड म्हणजे कठीण' एवढं लिहिलं की डोकं तिथंच थांबतं.

पहिली जोडी हाताला कळणारी. बोंडातला कापूस सॉफ्ट, त्यातली सरकी हार्ड. झालं, पुढे चला.

दुसरी अवघडपणाची: हार्ड पेपर, हार्ड क्वेश्चन. 'हार्ड टू' म्हणून पुढे क्रियापद लावा: धिस वर्ड इज हार्ड टू स्पेल.

तिसरी माणसांची. मेहनती माणूस म्हणजे 'हार्ड वर्कर'. नुसतं 'हार्ड मॅन' म्हटलं तर तो दगडाच्या काळजाचा ठरतो. कडक शिस्तीच्या सरांना 'स्ट्रिक्ट' म्हणा. आपला 'कडक' सगळीकडे चालतो, 'हार्ड' चालत नाही: कडक चहा स्ट्राँग, कडक नोट क्रिस्प.

चौथी पाण्याची. ज्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ते हार्ड वॉटर. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा हा प्रताप. पिण्याच्या पाण्यात हा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी मात्र 'सॉल्टी' किंवा 'सलाइन'. एकाच विहिरीत दोन्ही दोष असू शकतात, पण तक्रारी दोन.

आता खरी अडचण: 'हार्डली'.

स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, म्हणून हार्डचं हार्डली, असं गाइडवाल्यांचं गणित. याच गणितापायी मीही बरेच दिवस अडकलो होतो. क्रियेबद्दल बोलतानाही 'हार्ड' हा 'हार्ड'च राहतो: ही वर्क्स हार्ड. 'ही हार्डली वर्क्स' म्हणालात तर तो जवळपास कामच करत नाही, असा अर्थ निघतो. मुलाखतीत स्वतःबद्दल 'आय हार्डली वर्क' म्हणून बसाल, तर समोरचा हसणार नाही, फक्त पुढच्याला बोलावेल.

आपल्याकडे याची सगळ्यात चांगली उजळणी पावसावर होते. 'इट रेन्ड हार्ड' म्हणजे धो धो पाऊस, नाल्याकाठची पराटी, म्हणजे कापसाची झाडं, खरडून गेली. 'इट हार्डली रेन्ड' म्हणजे पाऊस जवळपास आलाच नाही, दुबार पेरणीची पाळी. पीकविम्याच्या अर्जात हे उलटंपालटं झालं तर काय होईल, बाप्पा, तुम्हीच पाहा!

ओळखायला एकच कसोटी पुरे. 'हार्डली'च्या जागी मराठीत 'जवळपास नाहीच' घालून पाहा. वाक्य बसलं तर शब्द बरोबर, नाही बसलं तर तिथं 'हार्ड' हवा. जागाही सांभाळा: 'हार्ड' क्रियापदाच्या मागून येतो, 'हार्डली' मुख्य क्रियापदाच्या आधी. आणि 'हार्डली'च्या पोटातच नकार आहे, म्हणून सोबत 'नॉट' लावायचा नाही. 'आय कान्ट हार्डली हिअर' चूक, 'आय कॅन हार्डली हिअर' बरोबर. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: याच नकारामुळे 'ही हार्डली कम्स हिअर'च्या शेपटीला 'डज ही?' लागतं, 'डझन्ट ही?' नाही. 'हार्डली हॅड'ने वाक्य सुरू झालं तर पुढे 'व्हेन' येतो. 'दॅन' हा 'नो सूनर'चा जोडीदार.

'लेट' आणि 'लेटली'चंही असंच भांडण आहे, पण ते दुसऱ्या आठवड्यात घ्या.

उरलेल्या जोड्या जशाच्या तशा उचला. हार्ड कॅश म्हणजे रोकड, हार्ड-बॉइल्ड एग म्हणजे आतला बलक घट्ट होईस्तोवर उकडलेलं अंडं. आजोबांना कमी ऐकू येत असेल तर ते 'हार्ड ऑफ हिअरिंग'. तिथं 'हार्डली' घुसवू नका.