घरचं रिठ्याचं पाणी, सालींचं एन्झाइम आणि कडप्प्यावरचे डाग: या चुका टाळा

आईच्या स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा कित्येक वर्षं काळाभोर होता. मी घरी केलेलं संत्र्याच्या सालींचं एन्झाइम, म्हणजे साली गूळ-पाण्यात आंबवून केलेलं सफाईचं पाणी, मोठ्या हौसेनं त्यावर ओतलं आणि दहा मिनिटांनी पुसलं. ओटा वाळला तसा त्यावर राखाडी-पांढरट नकाशा उमटला. घासलं, पुन्हा घासलं, काही उपयोग झाला नाही. होणारही नव्हता, कारण ते डाग नव्हतेच. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. त्याला आंबट लागलं की वरची झिलई विरघळते आणि खालचा खरखरीत दगड पांढरट दिसू लागतो. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला तर काही दिवस झाकलं जातं, पण खरं काम पॉलिशवाल्याचंच.

शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर यांचंही हेच. लिंबू, व्हिनेगर, चिंच, एन्झाइम यांतलं काहीही या दगडांवर नको. ग्रॅनाइट किंवा साध्या सिरॅमिक टाइल्सवर पातळ केलेलं एन्झाइम चालतं. आपल्या घरात ओटा कशाचा आणि फरशी कशाची, हे आधी पाहून घ्या. भाड्याचं घर असेल तर जास्तच.

मोत्यांनाही आंबट चालत नाही, कारण मोती मुळात त्याच चुन्याच्या घटकाचे बनलेले असतात. लग्नसराईआधी नथ किंवा तन्मणी उजळायला कुणी लिंबू लावताना दिसलं तर हात धरा. मोती फक्त ओलसर मऊ फडक्यानं पुसायचे.

कोणती वस्तू आंबट, कोणती क्षारी

घरगुती सफाईत बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींचं मूळ एकच आहे: आपण वस्तूचा स्वभाव न बघता ती वापरतो. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर आणि सालींचं एन्झाइम हे आंबट. राख, धुण्याचा सोडा आणि साबण हे क्षारी. खाण्याचा सोडाही क्षारीच, पण सौम्य. रिठा आणि शिकेकाई फेस देणाऱ्या, किंचित आंबटपणाकडे झुकणाऱ्या. एवढं डोक्यात पक्कं असलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ‘जोरदार क्लीनर’ बनवणं. फसफसतं छान, पण त्या फसफसण्यात आंबट आणि क्षार एकमेकांना संपवतात. उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. बुडबुड्यांनी सिंकच्या तोंडाशी अडकलेला मळ थोडा सुटतो, तेवढाच फायदा. हे मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरून झाकण लावलं तर वायूच्या दाबानं बाटली फुटू शकते. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी सोड्यानं घासा, पाण्यानं धुवा आणि मग आंबट लावा.

दुसरी चूक तितकीच नेहमीची: एन्झाइममध्ये साबणाचा चुरा किंवा धुण्याच्या वडीचे तुकडे टाकणं. आंबटात साबण फाटतो, अगदी दुधासारखा. वर चिकट पांढरा तवंग येतो आणि भांडी धुतल्यावरही तेलकट राहतात. एन्झाइमला फेस हवा असेल तर त्यात रिठ्याचं पाणी घाला. रिठा आंबटात फाटत नाही.

आता जी चूक जिवावर बेतू शकते ती. ब्लीचिंग पावडर किंवा बाटलीतलं ब्लीच वापरलेल्या ठिकाणी कोणतंही आंबट ओतायचं नाही. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, टॉयलेट साफ करायचं ॲसिड तर मुळीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. डोळे चुरचुरले, घशाला झोंबलं, की तिथे पुसत बसू नका. बाहेर या, खिडक्या उघडा आणि खोकला थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा.

रिठ्याचं पाणी

रिठ्यानं धुण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात उजळतात. रेशमी साड्या आणि लोकरीच्या शालींसाठी घरोघरी रिठाच असायचा, कारण रेशीम आणि लोकर यांना क्षार सोसत नाही. जिथे बोअरचं जड पाणी येतं तिथे रिठ्याचा आणखी एक गुण दिसतो. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते. रिठ्याचा तसा चोथा होत नाही.

तरी पहिल्या प्रयत्नात अनेकांचं बिनसतं. अख्खे रिठे बियांसकट उकळणं, ही सुरुवातीची चूक. फेस देणारं द्रव्य असतं ते वरच्या चिकट सालीत, आतल्या काळ्या गोट्यासारख्या बीत नाही. बियांचं वजन धरून प्रमाण घेतलं की पाणी पांचट होतं. बिया काढून मग तोलायचं. माझं माप असं: 100 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी, रात्रभर भिजत, सकाळी मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं उकळी. पातेलं निम्म्याच्या वर भरायचं नाही, फेस उतू जातो आणि शेगडी चिकट होते. गार झाल्यावर साली हातानं कुस्करून सुती फडक्यातून गाळायच्या. फडकं जाड हवं, नाहीतर सालीचा चुरा कपड्यांवर चिकटतो.

मग बाटली भरून ओट्यावर ठेवली जाते आणि चौथ्या दिवशी वास मारायला लागते. यात नवल नाही. हा काढा आहे, त्यात टिकवणारं काहीच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर नीट राहतो. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, त्यावर मोठी चिठ्ठी लावते आणि लागेल तेवढे खडे काढते. आंबूस वास आलेलं पाणी कपड्यांना वापरलं तर तो वास कपड्यांतच राहतो.

पांढऱ्या कपड्यांवर दाट रिठ्याचं पाणी थेट ओतू नका, तपकिरी झाक येते. आधी बादलीत पातळ करा. डोळ्यांत गेलं तर खूप झोंबतं, त्यामुळे कोरडी रिठा पावडर चाळताना नाक-तोंडावर रुमाल बांधा आणि मुलांना लांब ठेवा. रिठ्याचं पाणी माशांना विषारी आहे. ते विहिरीत, ओढ्यात, घरातल्या कमळाच्या टाकीत जाऊ देऊ नका.

आणि फेस कमी आला म्हणून रिठा वाढवत नेऊ नका. रिठ्याचा फेस चटकन बसतो, काम मात्र होत असतं. जिथे तो खरोखर कमी पडतो ती जागा म्हणजे तळणीची कढई. तिला आधी जुन्या बेसनानं किंवा कोंड्यानं कोरडं पुसून घ्या, मग धुवा.

सालींचं एन्झाइम बिघडतं कुठे

याचं प्रमाण सगळीकडे एकच सांगितलं जातं: 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी, आणि तीन महिने. 5 लिटरच्या डब्यासाठी 300 ग्रॅम गूळ, 900 ग्रॅम साली, 3 लिटर पाणी. वर रिकामी राहणारी जागा वाया जात नाही, ती वायूसाठी असते. डबा गळ्यापर्यंत भरणारे हीच गोष्ट विसरतात.

डबा प्लास्टिकचाच हवा. काचेची बरणी घट्ट बंद करून ठेवणं धोक्याचं आहे. पहिल्या महिन्यात आंबण्याचा जोर असतो, म्हणून रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडायचा आणि पुन्हा बंद करायचं. गावाला जायचं असेल तर शेजारच्या काकूंना सांगून जा. आमच्याकडे एकदा चार दिवस कुणी नव्हतं. परत आलो तेव्हा डबा फुगून गोल झाला होता आणि मी तो अंगणात नेऊन, तोंड दुसरीकडे करून, हळूहळू उघडला.

साली कोणत्या, यातही गफलत होते. नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार बाजारात असतो तेव्हा साली भरपूर मिळतात, ज्यूसवाला तर मोसंबीच्या सालींची पिशवी आनंदानं देतो. पण त्यांत कांदा, लसूण, कोबीची पानं मिसळली की तीन महिन्यांनी घरभर नको तो वास सुटतो. शिजवलेलं, तेलकट, बुरशी लागलेलं काहीही नको. साली आधी धुऊन घ्या.

वर पांढरी साय आली तर घाबरू नका, ती आंबण्यातलीच आहे, ढवळून खाली दाबा. काळी किंवा हिरवी, केसाळ बुरशी आली आणि सडका वास येत असेल तर वाचवत बसू नका, खतात टाका. बहुतेक वेळा कारण असतं गुळात केलेली काटकसर किंवा पाण्याच्या वर उघड्या राहिलेल्या साली. चांगलं झालेलं एन्झाइम तपकिरी दिसतं आणि त्याला आंबटगोड, सालींचा वास येतो. गाळून उरलेला चोथा पुढच्या डब्यात विरजण म्हणून घाला, त्यानं आंबणं लवकर सुरू होतं.

एक अपेक्षा मात्र खरी ठेवा. यात साफ करणारं मुख्य द्रव्य आहे ते आंबण्यातून तयार झालेलं आम्ल. नळावरचे क्षाराचे पांढरे डाग, बेसिनचा चिकटपणा, मोरीचा वास यांवर ते छान काम करतं. घरात कुणी आजारी असताना जंतुनाशक म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

दोन सोडे आणि एक चिंच

खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही पांढरे, पण दुसरा कितीतरी जहाल. हात कोरडे पडतात, रेशीम आणि लोकर खराब होते, ॲल्युमिनियमची भांडी काळवंडतात. ॲल्युमिनियमला राखही फार वेळ लावून ठेवू नका.

तांब्या-पितळेच्या देवांना चिंच-मीठ किंवा कोकणातल्यासारखं आमसुलाचं पाणी उत्तम. चूक होते ती लावून रात्रभर ठेवण्यात. पितळेतलं जस्त निघून जातं आणि मूर्तीवर गुलाबी चट्टे येतात. दोन मिनिटं चोळा, भरपूर पाण्यानं धुवा, लगेच कोरडं पुसा. पुसायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी हिरवट झाक दिसते आणि दोष चिंचेला दिला जातो. कल्हई केलेल्या भांड्याला आतून चिंच किंवा तारेची घासणी लावू नका, कल्हई जाते.

कोल्ड्रिंकच्या बाटल्या

घरगुती द्रावणं कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरू नका. रंग सरबतासारखा, वास संत्र्याचा, आणि बाटली ओळखीची. लहान मूल ती तोंडाला लावणारच. आमच्याकडे तेलाचे रिकामे कॅन या कामाला आहेत, वरच्या फळीवर. प्रत्येकावर डॉक्टरांच्या टेपवर तीन ओळी लिहिलेल्या: आत काय आहे, कधी केलं, आणि कशावर लावायचं नाही. एन्झाइमच्या कॅनवर तिसऱ्या ओळीत ‘कडप्पा, मोती’ असं आईनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे.