पाना आपल्याच हातात ठेवा

एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी ३२ वर्षं गेली. गाडी लेलँड असो की टाटा, नुसत्या आवाजावरून दुखणं कुठे आहे ते सांगायचो. रिटायर झाल्यावर मुलीने मोबाईल घेऊन दिला, नातवाने त्यात 'सगळं टाकून दिलं' आणि पहिले सहा महिने मी त्याच्यावर फक्त आलेले फोन उचलले. बाकी कशाला हात लावायचा म्हणजे छातीत धडधड. नट जास्त आवळला की आटे जातात हे माहीत असलेला माणूस मी, तसंच इथेही काहीतरी जाईल असं वाटायचं.

त्यात माझी बोटं. हॉर्न दाबावा तसा मी स्क्रीनवर अंगठा दाबून धरायचो. त्यामुळे चिन्ह उघडायच्या ऐवजी उचललं जायचं आणि भलतीकडेच जाऊन पडायचं. एकदा व्हॉट्सॲपच गायब झालं. लाजेपायी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी नातू आला, फोन माझ्या हातातून घेतला, अंगठा दोनदा फिरवला आणि म्हणाला, "हे घ्या आबा, झालं." काय झालं, कसं झालं, मला ओ की ठो कळलं नाही.

आमच्याकडे जो हेल्पर गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये, उजेडाची बॅटरी नुसती धरून उभा राहायचा, तो वर्षभर बॅटरीच धरायचा. मिस्त्री ज्याच्या हातात पाना द्यायचा तो शिकायचा. इथे पाना नातवाच्या हातात होता आणि मी बॅटरी धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, दोन्ही हात मांडीखाली घाल. तोंडाने सांगायचं, फोनला हात लावायचा नाही. पोरगं दहा मिनिटांत वैतागलं, पण माझी गाडी तिथून सुरू झाली. नवीन शिकणाऱ्याला मी आजही पहिली अट हीच सांगतो. शिकवणारा मुलगा असो, सून असो की शेजारचा, फोन आपल्या हातातून सुटता कामा नये.

दुसरी गोष्ट, वही. २०० पानी घेतली आणि प्रत्येक गोष्ट माझ्या भाषेत उतरवली. पहिल्या पानावर आहे : 'टिचकी मारल्यागत टेकवायचं. दाबून धरायचं नाही.' त्याखाली : 'चिन्ह समोरून गेलं म्हणजे ॲप गेलं असं नाही. खालून वर बोट सरकवलं की सगळी ॲप दिसतात. तिथून दाबून ओढून परत समोर आणायचं.' हे कळलं त्या दिवशी निम्मी भीती गेली. आणि मग पुढचं पान : 'मागे जायची खूण कुठे आहे ती आधी बघून ठेवणे.' रिव्हर्स गिअर सापडला की माणूस कुठल्याही बोळात गाडी घालतो.

नवख्यांना सगळ्यात छळणारं वाक्य म्हणजे 'नेट चालत नाही'. लगेच फोन पोराकडे. अहो, गाडी चालू होईना तर आपण आधी डिझेल बघतो, मग बॅटरी, इंजिन खोलायला कुणी बसत नाही. तसंच बघायचं. वरच्या पट्टीवर विमानाची खूण आहे का? असली तर बंद करा. मोबाईल डेटा चालू आहे का? दिवसाचा कोटा संपलाय का? बहुतेक पॅकमध्ये रोजचा ठरलेला डेटा असतो, तो रात्री बाराला पुन्हा भरतो. एक ॲप अडलं तर दुसरं उघडून बघा. दुसरं चालत असेल तर नेट ठीक आहे, बिघाड त्या ॲपमध्ये आहे. यातलं काहीच नसेल तर फोन बंद करून चालू करा. आमच्या वर्कशॉपमध्येही या उपायाने बऱ्याच गाड्या सुधारायच्या, पण ते बाहेर सांगत नव्हतो.

टायपिंगची धास्ती घेऊ नका. कीबोर्डवर माइकची खूण असते, ती टेकवायची आणि मराठीत बोलायचं. फक्त कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा एकदा निवडून ठेवावी लागते. मी 'आजचा कांद्याचा भाव' विचारलं, तर त्याने खांद्याचं ऐकलं आणि दुखण्यावरचे व्यायाम दाखवले. खांदा माझा दुखतच होता, तेही वाचलं.

पण खरं शिकणं झालं ते स्वतःच्या कामातून. गाणी-रेसिप्या बघत बसलं तर वर्षभरात फक्त बोट सरकवायला शिकाल. स्वतःचं अडलेलं एक काम घ्या. माझं होतं हयातीच्या दाखल्याचं. आमची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांच्या योजनेची, ती केवढी असते ते विचारू नका, पण 'मी जिवंत आहे' हे दरवर्षी सांगावंच लागतं. सेवा केंद्रात गेलो की अंगठा जुळायचा नाही. डिझेल, ग्रीस आणि पॉलिश पेपरने रेघा राहिल्याच नाहीत. चार-चार वेळा अंगठा पुसून लावायचा, मागे रांग, आणि पोरगं म्हणायचं, "आजोबा, उद्या या."

मग कळलं की २०२१ पासून चेहरा दाखवूनही हे होतं, तेही घरबसल्या. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप लागतात. आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), बँक खातं हे सगळं आधी वहीत एका पानावर लिहून घ्या, नाहीतर अर्ध्यात कागद शोधायला उठता आणि पान बंद पडतं. उजेड तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको. फोन सांगतो तेव्हा डोळे मिचकवायचे. माझं तिसऱ्या प्रयत्नात झालं, कारण पहिल्या दोन वेळा मी पासपोर्ट फोटोसारखा ताठ बसलो होतो. मेसेजमध्ये प्रमाण आयडी आला तो वहीत उतरवला. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचीच वाट बघायची गरज नाही हेही तेव्हाच कळलं. कुठल्याही महिन्यात दाखला द्या, त्या दिवसापासून वर्षभर चालतो.

तिथून हिंमत वाढली आणि सातबारा काढला. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर. बघायला फुकट, पण तो माहितीपुरता. डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये भरावे लागतात.

इथेच पत्ता वाचायला शिका. पाकिटावर जसं गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा येतो, तसंच वेबसाइटचं आहे. सुरुवातीचं 'https://' दिसलं तर ते सोडून द्या. त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी जे असेल ते खरं ठिकाण. सरकारी जागेच्या शेवटी बहुतेक वेळा 'जीओव्ही डॉट इन' (gov.in) असतं. सुरुवातीला 'सातबारा', 'सरकार' काहीही लिहिता येतं, त्याला भुलू नका. गुगलवर वरच्या ओळीत 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर ती पैसे देऊन लावलेली पाटी आहे. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर कधीही शोधू नका. तो बिलावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो.

मी असल्याच एका खोट्या नंबराच्या जाळ्यात सापडता सापडता वाचलो. एका संध्याकाळी मेसेज आला, 'बिल न भरल्याने आज रात्री वीज तोडली जाईल.' खाली नंबर. मी बिल भरलं होतं, तरी घाबरून फोन लावला. पलीकडचा फार गोड बोलला. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता, मी करून देतो. एक ॲप घ्या आणि त्यात दिसणारे आकडे मला सांगा." मी म्हटलं, थांबा, वही आणतो, सगळं लिहून घेतल्याशिवाय मी काही करत नाही. ॲपचं नाव काय? ते कशाला लागतं? तुमचं नाव? तिसऱ्या प्रश्नाला तो खेकसला. वीज कंपनीचा माणूस वही बघून का चिडेल? फोन ठेवला. ते ॲप घेतलं असतं तर माझी स्क्रीन त्याला दिसली असती, ओटीपीसकट. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा. हा नंबर माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलेला आहे.

यूपीआयबद्दल, म्हणजे मोबाईलवरून पैसे देण्या-घेण्याबद्दल एवढंच : पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पैशांच्या व्यवहारात पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून गेले. मी पहिला व्यवहार चहाच्या टपरीवर एक रुपयाचा केला. टपरीवाला हसला, हसू दे.

आता हिने शिकायला घेतलंय. मी समोर हात मांडीखाली घालून बसतो, आणि खरं सांगतो, ३२ वर्षांत गिअरबॉक्स उतरवताना एवढा त्रास झाला नाही. तिची स्वतःची वही आहे. शोधायच्या भिंगाला तिने त्यात 'पळी' लिहिलंय. परवा पळीवर बोट टेकवून तिने पंढरपूरच्या गाडीची वेळ काढली. मला तोंडपाठ होती, पण गप्प बसलो.