घरच्या टीमने आतषबाजीचा शो करायचा तर तयारी काय काय लागते

शोची तयारी म्हटलं की शेल (वर जाऊन फुटणारा गोळा), मॉर्टर (तो ज्यातून उडतो ती नळी), वायरी एवढंच डोळ्यासमोर येतं, पण घरचा धंदा असेल तर यादीत सगळ्यात आधी माणसं येतात. बाहेरच्या माणसाला आपण चारदा विचारतो की अरे ते झालं का, आणि सख्ख्या भावाला विचारतच नाही, त्याने केलं असेल असं धरून चालतो. या "केलं असेल"चा बंदोबस्त शोच्या आधी व्हायला हवा. कागदावर कामं लिहा आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा, दोन नावं पडली की ते काम कुणाचंच राहत नाही, आणि तपासणारा मात्र करणाऱ्यापेक्षा वेगळा पाहिजे. तपासलं म्हणून कुणी रुसायचं नाही, हे मोठ्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलेलं बरं. शूटर, म्हणजे शेल पेटवणारा, कोण ते ठरलं की त्या रात्री त्याचा शब्द शेवटचा, मग तो घरात सगळ्यात धाकटा का असेना, आणि थांबा म्हणायचा हक्क प्रत्येकाला. नवीन आलेली भाची जरी थांबा म्हणाली तरी आधी हात थांबवायचे आणि मग कारण विचारायचं, ही गोष्ट बाबांनी किंवा काकांनी स्वतः सांगितली की पोरांना खरंच बोलायचा धीर येतो.

कागदपत्रांची फाईल एकच ठेवा, परवाने, इन्शुरन्स, अग्निशमन दल आणि पोलिसांची परवानगी, जागेचा नकाशा, मालाची यादी, सगळं त्यात आणि फोटो काढून मोबाईलमध्येही. नियम देशागणिक वेगळे आहेत, तुमच्याकडचे तुम्हाला पाठ पाहिजेत.

जागा मात्र दिवसाउजेडी जाऊन बघाच, नकाशावर विजेच्या तारा दिसत नाहीत, वाळलेलं गवत दिसत नाही आणि शेजारच्या गोठ्याचं छप्पर कशाचं आहे तेही दिसत नाही. मॉर्टरपासून लोकांपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं, पावलांनी नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ११२३ क्रमांकाच्या मानकात मॉर्टरच्या व्यासाच्या दर इंचामागे ७० फूट असा हिशेब आहे, म्हणजे ३ इंची शेलला २१० फूट आणि ६ इंचीला ४२०. तुमचा नियम वेगळा असला तरी मुद्दा तोच, की जागेत बसेल तेवढाच मोठा शेल घ्यायचा. क्लायंटला ८ इंची हवाय आणि मैदान लहान आहे, तर सरळ नाही म्हणा, घरातला कुणी "बघू काहीतरी" म्हणाला तरी नाहीच. शेल इंचामागे साधारण १०० फूट वर जातो, त्यावर वारा कुठून येतो ते धरून जळके तुकडे कुठे पडतील तो पट्टा आधीच मोकळा ठेवायचा आणि वारा फिरला तर काय करायचं तेही तेव्हाच ठरवून टाकायचं.

माल आला की खोक्यावरचं लेबल आणि यादी जुळवून घ्या, नग मोजून घ्या, आणि परवान्यात आहे त्यापेक्षा एक खोकं जास्त नको. २००० सालच्या मे महिन्यात नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे शहरात आतषबाजीचं गोदाम उडालं, २३ माणसं गेली, आणि तिथला बराचसा माल कागदावर लिहिलेल्या वर्गापेक्षा जास्त धोक्याचा होता असं चौकशीत पुढे आलं. म्हणून लेबलबद्दल शंका आली तर तो माल बाजूला काढायचा. आणि घराशेजारी गोदाम आहे म्हणून पोरं आत-बाहेर करतात असं काही घरांत चालतं ते पहिल्यांदा बंद करा.

आता मॉर्टर. हे काम घाईचं नाही, दोन-तीन दिवस आधी सगळ्या नळ्या बाहेर काढून एकेक हातात घेऊन बघायची. एचडीपीई (चिवट प्लास्टिक) किंवा फायबरग्लासची नळी चालते, पीव्हीसीची अजिबात नाही, ती फुटली तर धारदार तुकडे उडतात. आत टॉर्च मारून जुना कागद, माती, पाणी, कोळ्याचं जाळं काय असेल ते काढा, बुडाचा प्लग हलतोय का बघा, चीर गेलेली नळी तिथल्या तिथे कापून टाका, बाजूला ठेवली तर पुढच्या शोला कुणीतरी ती परत रॅकमध्ये, म्हणजे नळ्या उभ्या धरणाऱ्या चौकटीत, लावतोच. रॅक जमिनीवर लावल्यावर खांद्याने ढकलून बघा, हलला तर खुंट्या, वाळूची पोती, आडवी फळी, जे लागेल ते. एक शेल नळीतच फुटला तरी शेजारच्या नळ्या लोकांच्या दिशेने वळता कामा नयेत, सगळी बांधाबांध त्यासाठी आहे.

लोडिंग करताना तोंड, हात, डोकं, काहीच नळीच्या तोंडावर आणायचं नाही, नळी रिकामी असली तरी नाही, म्हणजे सवय होते. शेल वातीला धरून हळू खाली सोडायचा, तो स्वतःच्या वजनाने घसरत बुडाशी टेकला पाहिजे, अडकला तर दाबायचा नाही, बाहेर काढायचा. वात सांभाळायची कारण तीच वात उघडी असेल तर सेकंदाला इंचभर जळते आणि कागदाच्या बारीक आवरणात असली की सेकंदाला कित्येक मीटर धावते, तेव्हा पळायला वेळ मिळेल असं कुणी समजू नका. लोड झालं की नळीच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल, त्याने दव आणि पाऊस अडतो आणि शेजारची ठिणगीही आत जात नाही.

वायरिंगला ताईसारखं शांत डोक्याचं माणूस द्या. ई-मॅचची (वात विजेने पेटवणाऱ्या काडीची) टोकं जोडेपर्यंत एकमेकांना पिळून ठेवायची, वॉकीटॉकी आणि मोबाईल रॅकपासून लांब, शेल जिथून पेटवायचे त्या पॅनलची किल्ली शूटरच्या खिशात, पॅनलला लटकवून ठेवायची नाही. कंटिन्युइटी, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही ना, ते तपासायला ई-मॅचसाठी बनवलेला टेस्टरच वापरा, साधा मल्टिमीटर लावू नका, आणि तपासताना रॅकजवळ एकही माणूस नको, सगळे बाहेर आले का ते नावं घेऊन मोजायचं, दादा आहेच मागे असं म्हणून चालत नाही. म्युझिकवरचा शो असेल तर शेल वर जाऊन फुटायचा वेळ क्यूमध्ये (शेल कधी पेटवायचा त्या ठरलेल्या खुणेत) धरलाय ना ते बघा, ३ इंचीला साधारण २ ते अडीच सेकंद, ६ इंचीला साडेतीन-चारच्या आसपास. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे लांबच्या लोकांना धमाका उशिराच ऐकू येणार, ते क्लायंटला आधी सांगून ठेवा.

कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे, नायलॉन नको, ते वितळून चिकटतं आणि त्यात स्टॅटिकही तयार होतं. हेल्मेट, चष्मा, कानाचे प्लग प्रत्येकाचे आपापले. पाण्याचे पिंप, बादल्या, पाण्याचे एक्स्टिंग्विशर, पण हे सगळं गवताच्या आगीसाठी, माल पेटला तर विझवायला जायचं नाही, त्या दारूत ऑक्सिजन देणारं रसायन आतच असतं, ती गुदमरून विझत नाही, तेव्हा माणसं बाहेर काढायची. ढग गडगडायला लागले तर ई-मॅच जोडलेल्या असोत नसोत, सगळ्यांनी हातातलं काम तसंच टाकून लांब जायचं.

शेवटचा शेल वाजला की पॅनलची किल्ली काढून खिशात आणि निदान अर्धा तास कुणी आत जायचं नाही, टाळ्या चालू असतात, आई-वहिनी मुलांना घेऊन भेटायला येतात, त्यांनाही दोरीबाहेरच थांबवा. नंतर दोघांनीच टॉर्च घेऊन जायचं. न उडालेला शेल नळीत असेल तर वरून वाकून बघायचं नाही, तुमच्याकडच्या नियमात सांगितलेला वेळ जाऊ द्यायचा, मग भरपूर पाणी. जमिनीवर सापडला तर पायाने ढकलायचा नाही, खूण करून ठेवायची. सकाळी उजेडात मैदान परत एकदा चालून बघायचं, कारण अंधारात राहिलेला एखादा शेल दुसऱ्या दिवशी खेळायला आलेल्या पोराच्या हाती लागतो. गाडी चालवणारा माणूस आधीपासून वेगळा ठेवा आणि त्याला दुपारी झोपू द्या. उरलेला माल मोजून गोदामात, मोजणारा एक आणि सही करणारा दुसरा, आणि कुठला क्यू उडाला नाही ते त्याच रात्री वहीत लिहा.