ताकाची मऊ बिस्किटं: लोणी गार, हात हलका

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर गेला की ताकाची बिस्किटं बिघडतात ती बहुतेकदा लोण्यामुळे. ही अमेरिकी पद्धतीची, पदर सुटणारी मऊ बिस्किटं. चहात बुडवायची कुरकुरीत नव्हेत. लोणी हातातच पाघळलं की मैद्यात मुरतं आणि पदर सुटत नाहीत. म्हणून सकाळी, ऊन चढायच्या आत करायला घ्या. लोण्याचे बारीक तुकडे पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मैदाही गार असू द्या.

२५० ग्रॅम मैद्याला दोन चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ आणि ७० ग्रॅम लोणी. लोणी बोटांच्या टोकांनीच चुरा, तळवा लावू नका. हरभऱ्याएवढे तुकडे दिसायलाच हवेत; ओव्हनमध्ये त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि तीच पदर उचलते.

ताक घट्ट आणि चांगलं आंबट हवं, साधारण १६० मिली. जेवणातलं पातळ ताक इथे अजिबात घेऊ नका. त्यापेक्षा आंबट दह्यात थोडं पाणी घालून घुसळा. आंबटपणा कमी पडला तर सोडा पुरता फुलत नाही, वर साबणासारखी चव मागे राहते.

पीठ भाकरीसारखं रगडायचं नाही. जेमतेम गोळा झाला की थापा, तीनदा घडी घाला, बोटभर जाड ठेवा. वाटीच्या धारेने सरळ दाबून कापा. वाटी फिरवलीत तर कडा चिकटतात. ट्रेमध्ये एकमेकांना खेटून लावा, बाजू मऊ राहतात. तापलेल्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर पंधरा मिनिटं पुरतात. गरम असतानाच भरताबरोबर खाऊन बघा.