गच्चीवरच्या धुळीतून लघुग्रहांचे कण कसे शोधावेत

मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात लघुग्रह एकमेकांवर आदळतात आणि त्यांचा चुरा होतो. सूर्यप्रकाशामुळे या धुळीची गती हळूहळू कमी होते, ती सूर्याकडे सरकत जाते आणि वाटेत काही कण पृथ्वीला येऊन मिळतात. यांनाच उल्काकण म्हणतात. ०.१ मिमीहून मोठा असा साधारण एक कण दर चौरस मीटरवर वर्षाला पडतो, म्हणून छप्पर निदान ५० चौरस मीटरचं, सपाट आणि बरेच महिने न झाडलेलं असावं. मास्क लावा, कठड्यापासून लांब राहा. कोपऱ्यांत आणि पाणी जाण्याच्या तोंडाशी साचलेली धूळ आधी घ्या. जड कण तिथेच अडकतात.

बादलीत दोन-तीन मुठी धूळ, पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून ढवळा. साबण नसेल तर बारीक कण पाण्यावर तरंगतात आणि गढूळ पाण्याबरोबर ओतले जातात. वीस सेकंद थांबून वरचं पाणी ओता. आपल्याला हवे ते कण तेवढ्यात तळाशी बसतात. पाणी निवळेपर्यंत हेच करा. गाळ पूर्ण वाळवा, कारण ओली धूळ चाळणीत चिकटते. मग ०.४ मिमीच्या चाळणीतून खाली पडलेलं आणि ०.१५ मिमीच्या चाळणीवर राहिलेलं तेवढंच ठेवा.

निओडिमियम चुंबक (छोटा पण खूप जोरदार चुंबक) प्लास्टिकच्या पिशवीत घालून या गाळावरून फिरवा. उघडा चुंबक वापरलात तर कण त्यालाच चिकटून बसतात. पिशवीतून चुंबक काढला की सगळे कण कागदावर पडतात.

खरी कसोटी इथून पुढे. २० ते ४० पट मोठं दाखवणाऱ्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, बाजूने प्रकाश टाकून, कण विरळ पसरून बघा. गोल दिसला की उल्काकण समजू नका: वेल्डिंग, ग्राइंडर, फटाके आणि कोळशाची राख यांतूनही हुबेहूब गोळ्या तयार होतात. गुळगुळीत, आरशासारखी चमकणारी, पोकळ किंवा शेपटी असलेली गोळी बहुधा माणसाच्या कामातली असते. उल्काकण वातावरणात वितळून पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे पृष्ठभागावर ऑलिव्हिन या खनिजाचे समांतर पट्टे किंवा मॅग्नेटाइट या लोहाच्या खनिजाची नक्षीदार फांद्यांसारखी जाळी दिसते. कधी एका टोकाला लोह-निकेलचा फुगवटाही असतो. ओल्या टूथपिकच्या टोकाने असा कण उचलून वेगळा ठेवा आणि जागा व तारीख लिहा.

खात्रीसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली रासायनिक तपासणी हवीच. त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि लोहाचं प्रमाण उल्कापाषाणांशी जुळावं लागतं. ओस्लो, पॅरिस आणि बर्लिनच्या छपरांवरच्या धुळीतून असे ५०० कण मिळाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं, त्यामुळे शहरातल्या गच्चीला कमी लेखू नका. कण लघुग्रहाचा की धूमकेतूचा, हे मात्र रूपावरून ठरत नाही. त्यासाठी ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) मोजमाप करावं लागतं, आणि त्यात बऱ्याचदा कण खर्ची पडतो. म्हणून आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून घ्या.